साडेएकोणसत्तर फुटांची विहीर

देवळीतली चिमणी आणि स्वयंपाकघरातला स्टोव्ह ज्या तेलावर जळत असे, त्याला आपण रॉकेल म्हणत आलो. हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की, तो परभाषेतून आला याची आठवणही आज सहसा कुणाला होत नाही. 'रॉक ऑइल', म्हणजे खडकातले तेल, या दोन इंग्रजी शब्दांचे आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी रॉकेल झाले. अमेरिकेत १८५४ साली स्थापन झालेल्या एका कंपनीच्या नावातच हे दोन शब्द होते. ती पेनसिल्व्हेनिया रॉक ऑइल कंपनी. तिच्यातूनच पुढे निघालेल्या दुसऱ्या कंपनीसाठी ज्या माणसाने खडकाला छिद्र पाडून तेल वर आणले, त्याचे नाव एडविन लॉरेंटाइन ड्रेक.

तेलाच्या कोणत्याही इतिहासात ड्रेकचे नाव पहिल्या प्रकरणात येते आणि तिथेच संपते. ते आज पुन्हा काढण्याचे कारण त्याच पेनसिल्व्हेनिया राज्यात गेली पंधरा-वीस वर्षे पेटलेला वाद हे आहे. खोल खडकात पाणी, वाळू आणि रसायने प्रचंड दाबाने घुसवून, खडकाला बारीक चिरा पाडून त्यातला नैसर्गिक वायू मोकळा करायचा, या पद्धतीला फ्रॅकिंग म्हणतात. या वायूमुळे घरे स्वस्तात उबदार होतात, असे एक पक्ष म्हणतो. विहिरींचे पाणी नासते, असे दुसरा म्हणतो. हा वाद बारकाईने पाहू गेल्यास तो फिरून फिरून दोन गोष्टींवर येतो. एक, जमिनीत उतरवलेला लोखंडी नळ. आणि दोन, भाव कोसळल्यावर त्या विहिरीचे काय होते, हा प्रश्न. या दोन्ही गोष्टी ड्रेकच्या चरित्रात आहेत.

ड्रेकचा जन्म २९ मार्च १८१९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ग्रीनव्हिल येथे झाला. बालपण न्यूयॉर्क आणि व्हरमाँट या दोन राज्यांतल्या शेतांवर गेले. शिक्षण जुजबी. विशीच्या उंबरठ्यावर घर सोडून त्याने जी कामे केली, त्यांत पुढच्या कीर्तीची चाहूल देणारे काहीही नाही. बफेलो ते डेट्रॉइट या मार्गावरच्या रात्रीच्या बोटीवर कारकुनी, मग हॉटेलात कारकुनी, मग कापडाच्या दुकानात. शेवटी तो रेल्वेत शिरला आणि न्यूयॉर्क–न्यू हेवन मार्गावर कंडक्टर झाला. पहिली पत्नी १८५४ साली बाळंतपणात गेली. १८५७ मध्ये त्याने लॉरा डाउड हिच्याशी दुसरा विवाह केला आणि त्याच वर्षी प्रकृती बिघडल्याने नोकरी सोडली. वय ३८, हाती काम नाही, पाठीचे दुखणे मागे लागलेले. नोकरीच्या आठवणीदाखल एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे रेल्वेचा मोफत पास.

या पासाने त्याचे नशीब ठरवले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. न्यू हेवनच्या ज्या हॉटेलात ड्रेक राहत होता, तिथेच जेम्स टाउनसेंड नावाचा एक बँकर उतरलेला असे. टाउनसेंडचे पैसे वर सांगितलेल्या रॉक ऑइल कंपनीत गुंतलेले होते. जॉर्ज बिसेल नावाच्या वकिलाने ती कंपनी काढली होती. पेनसिल्व्हेनियाच्या वायव्य कोपऱ्यात टायटसव्हिल नावाचे लाकूडतोड्यांचे गाव होते. तिथल्या ओढ्यावर तेलाचा तवंग येई. सेनेका आदिवासी तो पिढ्यान्‌पिढ्या गोळा करीत आले होते. पिट्सबर्गचा सॅम्युअल किअर असेच तेल औषध म्हणून बाटल्यांत भरून विकत असे. बिसेलने या तेलाचा नमुना येल विद्यापीठातील बेंजामिन सिलिमन यांच्याकडे परीक्षणासाठी दिला. सिलिमन यांनी १८५५ मध्ये अहवाल तयार केला. पण ५२६ डॉलर ८ सेंट ही आपली फी हाती पडेपर्यंत तो दिला नाही. या तेलापासून उत्तम दिव्याचे तेल निघते, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. व्हेल माशाचे तेल महाग होत चाललेल्या त्या काळात ही बातमी मोलाची होती. आता कुणीतरी टायटसव्हिलला जाऊन पाहायला हवे होते. टाउनसेंडने ड्रेकला आपले २०० डॉलर कंपनीच्या समभागांत घालायला लावले आणि त्यालाच पाठवले. जाण्यायेण्याचा रेल्वेखर्च नाही, हा त्याचा मोठा गुण ठरला.

ड्रेक कधीही सैन्यात नव्हता. तरी तो 'कर्नल' कसा झाला, याची हकिकत मजेदार आहे. गावात माणसाचे वजन पडावे म्हणून टाउनसेंडने तो पोहोचण्याआधीच टायटसव्हिलला काही पत्रे टाकली आणि पाकिटांवर नावामागे कर्नल लिहिले. डिसेंबर १८५७ मध्ये ड्रेक बग्गीने गावात उतरला, तेव्हा पोस्टातून ही बातमी सर्वत्र झालेली होती. ती पदवी त्याला मरेपर्यंत चिकटली. इतिहासाच्या पुस्तकांतही ती आहेच.

वाटेत त्याने सिरॅक्यूज येथे थांबून मिठाच्या विहिरी पाहिल्या होत्या. जमिनीतले खारे पाणी उपसून मीठ करण्याचा धंदा त्या भागात जुना होता, आणि खडक फोडून खोल जाण्याची विद्या त्या कारागिरांकडेच होती. ड्रेकच्या मनात बसले ते हे की, तेल चर खणून मिळणार नाही, ते मिठासारखेच खोल छिद्र पाडून काढावे लागेल. कल्पना बिसेलची की ड्रेकची, यावर पुढे बरेच भांडण झाले. त्यात पडण्याचे कारण नाही. छिद्र ड्रेकने पाडले, एवढे निर्विवाद आहे.

१८५८ मध्ये कंपनी नव्या रूपाने सेनेका ऑइल कंपनी झाली. वर्षाला १,००० डॉलर पगारावर ड्रेक कुटुंबासह टायटसव्हिलला राहायला आला. तो सबंध हंगाम फुकट गेला. वाफेचे इंजिन आणले, त्यासाठी खोपटे उभारले, पण ज्याला बोलावले तो विहीर पाडणारा आलाच नाही. अखेर १८५९ च्या वसंतात विल्यम स्मिथ नावाचा लोहार सापडला. मिठाच्या विहिरींची हत्यारे घडवण्यात त्याचा हात बसलेला होता. दिवसाला अडीच डॉलर मजुरीवर तो आपल्या मुलांना घेऊन आला आणि त्या खोपट्यातच राहू लागला. सगळे त्याला अंकल बिली म्हणत.

या विहिरीचा खरा वृत्तान्त इथे सुरू होतो. ओढ्याकाठची जमीन रेताड होती. सोळा फुटांवर जाताच बाजूने पाणी शिरे आणि खणलेला खड्डा ढासळे. पंपाने कितीही उपसले तरी पाणी हटेना. आपल्याकडे बोअर मारताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ही अडचण समजावून सांगायला नको. वरची माती आणि मुरूम कोसळू नये म्हणून कठीण खडक लागेपर्यंत केसिंग पाइप घालतात, तेच ड्रेकने केले. फरक इतकाच की, त्याच्यापुढे तेलाच्या विहिरीचा असा नमुना नव्हता. त्याने ओतीव लोखंडाचे दहा-दहा फुटी नळ मागवले आणि ओकच्या जाड ओंडक्याने ठोकठोकून ते एकावर एक जमिनीत उतरवले. ३२ फुटांवर नळ खडकाला टेकला. आता बाहेरचे पाणी बाहेर राहिले आणि नळाच्या आतून छिन्नी मोकळेपणी खाली जाऊ लागली. दिवसाला तीन फूट, असा तिचा वेग होता. या युक्तीचे पेटंट घेण्याचे ड्रेकला कधी सुचले नाही. पुढे ज्या ज्या विहिरी झाल्या, त्या सगळ्या याच मार्गाने गेल्या आणि त्याला त्यातून एक छदाम मिळाला नाही.

कंपनीचा पैसा मात्र संपत आला होता. गावात या उद्योगाला लोक ड्रेकचा वेडेपणा म्हणत. शेवटी टाउनसेंड एकटाच स्वतःच्या खिशातून रक्कम पाठवत होता. दोन स्थानिक मित्रांच्या जामिनावर ड्रेकने ५०० डॉलर कर्ज काढले. ऑगस्टअखेर टाउनसेंडनेही हात टेकले आणि देणी चुकती करून काम बंद करावे, असे पत्र लिहिले. ते पत्र टपालाच्या संथ गतीने येत असतानाच, शनिवार २७ ऑगस्ट १८५९ रोजी छिन्नी एका भेगेत सहा इंच घसरली. खोली होती साडेएकोणसत्तर फूट. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून काम थांबले. त्या रविवारी दुपारी स्मिथ सहज विहिरीकडे गेला आणि नळात डोकावला, तर वरपासून काही फुटांवरच काळसर तेल तरंगत होते. पत्र्याच्या पन्हळीचा तुकडा एका टोकाला बुजवून त्याने ते वर काढून पाहिले. सोमवारी ड्रेक पोहोचला तेव्हा टब, घमेली, पिंपे, जे हाती येईल ते भरून ठेवण्याची धांदल चालली होती.

ऑक्टोबरात स्मिथ दिवा घेऊन तेलाची टाकी पाहायला गेला आणि तिच्यावर साठलेल्या वायूने पेट घेतला. खोपटे, साठवलेले तेल, स्मिथचे घर, सारे जळाले. जगातल्या पहिल्या म्हणवल्या जाणाऱ्या तेलविहिरीला आग लावली ती वायूने. त्या वायूकडे तेव्हा कुणी संपत्ती म्हणून पाहत नव्हते. तेलाबरोबर येणारी ती एक पीडा होती. दीड वर्षाने, १७ एप्रिल १८६१ रोजी, जवळच हेन्री राउज याच्या विहिरीवर असाच वायू पेटून स्वतः राउजसह सुमारे १९ माणसे मेली.

आणि भाव? १८६० च्या आरंभी तेलाचे पिंप २० डॉलरच्या आसपास विकले जात होते. मग ज्याला त्याला विहीर पाडायची घाई झाली. कुणाच्या तेलाची शीव कुठे संपते, हे जमिनीखाली कोण सांगणार? शेजाऱ्याच्या आधी उपसून घ्यावे, हाच न्याय झाला. १८६१ मध्ये आपोआप उसळणाऱ्या विहिरी लागल्या, त्यांतली एखादी दिवसाला ३,००० पिंपे देई. वर्ष संपेपर्यंत भाव पिंपाला १० सेंटवर आला. तेलापेक्षा लाकडी पिंप महाग झाले. न विकले गेलेले तेल ओढ्यात वाहू लागले. ओढ्याचे नाव ऑइल क्रीक पूर्वीपासूनच होते. आता ते नाव सार्थ झाले. परवडेनाशा झालेल्या विहिरी लोक सोडून जात. लोखंड महाग, म्हणून जाताना नळ तेवढे उपटून नेत. भोक तसेच राहत असे. या एका सवयीचा हिशेब पेनसिल्व्हेनिया अजून चुकवत आहे.

ड्रेकचा या धुमाळीत काही वाटा नव्हता. विहीर लागल्याची बातमी फुटताच इतरांनी ओढ्याकाठच्या जमिनी भाडेपट्ट्याने घ्यायला धाव घेतली, बिसेल स्वतः धावत आला. ड्रेकने एक एकरही घेतला नाही. आपल्याकडे जेवढे आहे तेवढे पुरे, असे त्याला वाटले असावे. कंपनीने १८६० मध्ये त्याला मोकळे केले. काही काळ तो गावचा जस्टिस ऑफ द पीस होता, तेलाची खरेदीही करून देत असे. १८६३ मध्ये पंधरा-वीस हजार डॉलर गाठीला बांधून त्याने गाव सोडले आणि न्यूयॉर्कच्या बाजारात तेलाच्याच समभागांत ते सगळे घालवले. १८६६ पर्यंत तो कफल्लक झाला होता. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने चालणेही कठीण झाले. लॉरा शिवणकाम करून घर चालवी. १८६९ मध्ये टायटसव्हिलचा एक ओळखीचा गृहस्थ त्याला न्यूयॉर्कच्या रस्त्यात भेटला आणि त्याची दशा पाहून गावात वर्गणी काढली गेली. चार हजारांहून अधिक डॉलर जमले. १८७० मध्ये हे कुटुंब पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम येथे गेले, आणि १८७३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ड्रेकला सालीना १,५०० डॉलरचे निवृत्तिवेतन मंजूर केले. तेलावर राज्याची तिजोरी भरत होती, ते लक्षात घेता ही रक्कम उदार म्हणावी की कंजूष, हे वाचकाने ठरवावे.

तो अंथरुणाला खिळलेला असताना टायटसव्हिलच्या परिसरात आणखी दोन गोष्टी घडून गेल्या होत्या. यादवी युद्धातून परतलेल्या एडवर्ड रॉबर्ट्सने १८६५ मध्ये, आटत चाललेल्या विहिरीत स्फोटकाचा नळा सोडून, वर पाणी भरून, तळाशी स्फोट करण्याची क्लृप्ती काढली. पाण्याच्या दडपणाने स्फोटाचा जोर वर न येता खडकात शिरे आणि खडक तडके. रॉबर्ट्सने ड्रेकची चूक केली नाही. त्याने पेटंट घेतले, एका स्फोटाला शंभर-दोनशे डॉलर घेतले, वाढलेल्या तेलात हिस्सा मागितला आणि चोरून नायट्रोग्लिसरीन वापरणाऱ्यांना कोर्टात खेचले. फ्रॅकिंगची वंशावळ इथून सुरू होते. पाण्याच्या दाबाने खडक फोडण्याचा पहिला प्रयोग त्यानंतर खूप उशिरा, १९४७ मध्ये कॅन्ससमध्ये झाला. दुसरी गोष्ट १८७२ ची. जवळच्या एका विहिरीतला वायू पाच-सहा मैलांच्या लोखंडी नळातून टायटसव्हिल गावात आणला गेला. पीडा विकाऊ झाली.

ड्रेक नोव्हेंबर १८८० मध्ये बेथलेहेमला वारला.

आता पुढे यायचे तर सव्वाशे वर्षांची उडी घ्यावी लागते. २००४ साली पेनसिल्व्हेनियाच्या नैऋत्य भागात मार्सेलस शेल या खडकातून फ्रॅकिंगने वायू काढण्यात यश आले. या खडकाचे नाव न्यूयॉर्क राज्यातल्या मार्सेलस या गावावरून पडले आहे. ज्या सिरॅक्यूजच्या मिठाच्या विहिरी ड्रेकने पाहिल्या, त्याच्याच शेजारचे हे गाव. ड्रेकची विहीर साडेएकोणसत्तर फूट होती. या विहिरी पाच ते आठ हजार फूट खाली जाऊन मग आडव्या वळतात. एका विहिरीला दीड-दोन कोटी लिटर आणि पुढेपुढे त्याहूनही अधिक पाणी लागू लागले. त्यातले जे पाणी परत वर येते, ते समुद्राच्या पाण्याहून कितीतरी खारट असते आणि त्यात रेडियमसारखी किरणोत्सारी द्रव्ये असतात. मिठाचा धंदा असा वेगळ्या वाटेने परत आला.

भावाचे चक्रही तसेच फिरले. जुलै २००८ मध्ये अमेरिकेत वायूचा भाव एका मोजमापाला १३ डॉलरच्या आसपास गेला होता. एप्रिल २०१२ मध्ये तो २ डॉलरखाली आला. हा फायदा कागदोपत्री नव्हे. थंडीच्या प्रदेशात घर तापवण्याचे बिल म्हणजे काय, हे आपल्या हवामानात राहून चटकन कळत नाही. कोळशावरची वीजकेंद्रे वायूवर गेल्याने हवाही सुधारली. दुधाच्या भावात पिचलेल्या अनेक शेतकऱ्यांना जमिनीखालच्या वायूच्या हिश्शाने कर्जातून वर काढले. फ्रॅकिंगच्या विरोधकांनी हे सारे नाकारण्यात अर्थ नाही, असे मला वाटते.

पण डिमॉक हे गाव आहे. पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्येला असलेल्या या गावात १ जानेवारी २००९ रोजी एका घराच्या पाण्याच्या विहिरीत मिथेन साठून स्फोट झाला. आसपासच्या विहिरींतही वायू आढळला. राज्याच्या यंत्रणेने दोष कंपनीच्या विहिरींच्या सदोष बांधणीला दिला. खटला रेंगाळत २०२२ मध्ये संपला. कंपनीने आरोपाला आव्हान न देता शिक्षा पत्करली आणि गावासाठी सार्वजनिक नळयोजनेचा खर्च देण्याचे कबूल केले. यावर उद्योगाचे म्हणणे असे की, मैलभर खोल पाडलेल्या चिरांमधून वायू वर आलेला नाही, तो नळ आणि त्याभोवतीचे सिमेंट नीट न बसल्याने आला. तेव्हा दोष फ्रॅकिंगचा नव्हे. तांत्रिक दृष्ट्या हे बरेचसे खरे आहे. पण ज्याच्या घरातल्या नळाचे पाणी पेट घेते, त्याला या भेदाने काय मिळते? ड्रेकने नळ ठोकला तो पाणी विहिरीत येऊ नये म्हणून. आज तोच नळ वायू पाण्यात जाऊ नये म्हणून घातला जातो. तो नळ सुटला की बाकी सारी शास्त्रीय चर्चा वकिलांच्या कामाची उरते. आणि २००५ च्या ऊर्जा कायद्याने, डिझेल सोडून फ्रॅकिंगमधली इतर द्रव्ये पिण्याच्या पाण्याच्या संरक्षणाच्या संघीय कायद्यातून वगळून ठेवली आहेत. संघीय पर्यावरण संस्थेने २०१६ च्या अहवालात, काही परिस्थितींत पिण्याच्या पाण्यावर परिणाम होऊ शकतो, हे मान्य केले.

शिवाय ती जुनी भोके. ड्रेकच्या काळापासून पेनसिल्व्हेनियात पाडलेल्या आणि कुठेही नोंद नसलेल्या विहिरी काही लाखांच्या घरात असाव्यात, असा अंदाज आहे. परवान्याची पद्धत आली तीच विसाव्या शतकाच्या मध्याला. जंगलात, शेतात, घरांच्या तळघरांखाली त्या आहेत. काहींतून मिथेन झिरपतो. नव्या विहिरीचा दाब चुकून अशा जुन्या भोकापर्यंत पोहोचला, तर त्याला वर यायला वाट तयारच असते. अमेरिकेच्या संसदेने २०२१ मध्ये देशभरातल्या अशा बेवारस विहिरी बुजवण्यासाठी ४.७ अब्ज डॉलर मंजूर केले. ते करदात्यांचे आहेत. ज्यांनी नळ उपटून नेले, त्यांच्या कंपन्या दीडशे वर्षांपूर्वीच बुडाल्या.

ड्रेकच्या आयुष्यातली गावे नकाशावर पाहिली तर एक गंमत दिसते. जिथे तो वाढला, त्या व्हरमाँटने २०१२ मध्ये फ्रॅकिंगवर बंदी घातली; काढण्याजोगा वायू तिथे जवळपास नाहीच, त्यामुळे ती बंदी सोपी होती. जिथे तो जन्मला, त्या न्यूयॉर्क राज्याने २०१४ च्या डिसेंबरात बंदी जाहीर केली, आणि तिथे वायू भरपूर आहे. जिथे तो मेला, ते बेथलेहेम पेनसिल्व्हेनियातच असले तरी लीहाय नदीवर, म्हणजे डेलावेअरच्या खोऱ्यात येते. त्या साऱ्या खोऱ्यात २०२१ पासून फ्रॅकिंगला मनाई आहे. टायटसव्हिलचे पाणी मात्र पश्चिमेला, ॲलेगेनी नदीकडे उतरते. तिथे परवानगी आहे.

मरणानंतर बावीस वर्षांनी, १९०२ मध्ये, ड्रेकचे अवशेष बेथलेहेमहून उकरून टायटसव्हिलला आणले गेले. स्टँडर्ड ऑइलच्या एच. एच. रॉजर्स यांनी पैसे दिले आणि चार्ल्स नीहाउस या शिल्पकाराने ब्राँझचा पुतळा घडवला. पुतळा ड्रेकचा नाही. गुडघा टेकून, हातोडा उगारून जमिनीत छिन्नी ठोकणारा एक उघडा, पिळदार मजूर तिथे बसला आहे. ड्रेक स्वतः असा कधी दिसला नसेल; छायाचित्रांत तो दाढीवाला, उंच टोपीतला कृश गृहस्थ दिसतो. विहिरीच्या जागी आता संग्रहालय आहे आणि जळालेल्या खोपट्याची लाकडी प्रतिकृती उभी आहे. ऑइल क्रीकच्या पाण्यात लोक गळ टाकून ट्राउट पकडतात.